मडगार्डमागची माती

ती घटना आठवली की आजही बोटांना माती लागल्यासारखं वाटतं. तेव्हा मी कवठे महांकाळच्या पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो. जमिनीच्या वादात एक निवृत्त फौजी बेपत्ता झाले होते. रोज इन्सुलिन घेणारा माणूस, पण औषध घरीच राहिलेलं. त्यांच्या पत्नी ठाण्यातून हलत नव्हत्या. "सुई चुकली की त्यास्नी शुद्ध राहत न्हाई, सायेब," एवढंच त्या सांगत.

खबऱ्याचा फोन आला. फौजी शेवटचे चुलतभावाच्या पिकअपमध्ये दिसले होते. भावाला आणलं. तो शांत होता. "म्हसवडला दर्शनाला गेलतो. तितनं सरळ घरी. दादा माझ्यासंगं नव्हताच."

हवालदार पिकअपभोवती फिरून आला. "गाडी चकाचक धुतलीस की रं गड्या. मग लिंबू-मिरची जुनीच कशी? आन् अमावस्या तर अजून लांब हाय." आमच्याकडचे गाडीवाले अमावस्येला गाडी धुतात आणि लिंबूही तेव्हाच बदलतात.

मडगार्डच्या आत पाणी पोचलं नव्हतं. तिथली माती पंचांसमक्ष काढून सीलबंद केली. सरकारी अहवालाला वेळ लागणार, म्हणून वेगळा नमुना घेऊन मी सांगलीच्या एका कॉलेजात भूशास्त्राच्या मॅडमकडे गेलो.

त्यांनी माती पाण्यात ढवळून गाळ ओतून दिला, उरलेले कण चाळले, त्यांवर सौम्य आम्ल टाकलं. पांढरे कण फसफसून विरघळले. "ही चुनखड. तुमच्याकडे असते, म्हसवडकडेही." लोहचुंबकाने काळे कण बाजूला केले. "हे सगळीकडेच सापडतात." भिंगाखाली तांबूस, भोकाभोकांचे खडे उरले. "हा जांभा दगड. पाटणच्या वरच्या सड्यांवर, त्या उघड्या कातळपठारांवर असतो, म्हसवडच्या वाटेवर नाही."

"नक्की, मॅडम?"

"खडे नक्की. माणूस तिथं आहे का, ते मला सांगता येणार नाही."

परतल्यावर मी भावासमोर बसलो. "पाटणच्या सड्यावर तुझं कोण हाय?"

पाटणचं नाव तोवर कुणी काढलं नव्हतं. त्याची मान खाली गेली. "मेव्हण्याची शेड हाय."

"दादा जिता हाय का?"

"काल सांजच्याला होता."

पाटणच्या पथकाला शेडमध्ये फौजी सापडले, हातपाय बांधलेले, बेशुद्ध. दवाखान्यात नेलं आणि ते वाचले.

भाऊ म्हसवडला गेला होता, हे पुढे खरंच निघालं. दादाला शेडमध्ये डांबून, मग देवाला. त्या तपासापर्यंत एक खोटं सापडलं की मी सगळा जबाब मोडीत काढत असे. घरातला पहिला पदवीधर मी, पण तपासाचा हा धडा मला त्या मॅडमच्या टेबलावर मिळाला. त्यांनी चुनखड बाजूला केली तसं खोटं बोलणाऱ्याचंही खरं तेवढं बाजूला काढावं, आणि हाती उरेल त्यावर, तेवढंच बोलावं.