रिव्हर्स नसलेली स्टेशन वॅगन

गाडी विकत घेताना मी तिचा रिव्हर्स गिअर तपासला नाही.

बाकी सगळं तपासलं. टपावर टिचक्या मारून आवाज ऐकला. मागच्या लाकडी पट्ट्या नखाने खरवडून पाहिल्या. वर उघडणारा मागचा लांबलचक दरवाजा उगाचच उघडला, मिटला, पुन्हा उघडला. तलासरीकडच्या एका वाडीत ती आंब्याखाली उभी होती, तोंड रस्त्याकडे करून. म्हाताऱ्या मालकांनी शेजारी बसून मला एक फेरी मारायला लावली आणि म्हणाले, "एकदम सीधी गाडी छे." ते खोटं बोलले असं मी आजही म्हणणार नाही.

घोलवडला आमची चिकूची वाडी आणि रोपांची नर्सरी आहे. ती बायको चालवते. मी पाटीला रंग देतो आणि आल्यागेल्याशी बोलतो. त्या दिवशी मी गाडी मोठ्या ऐटीत शेडमध्ये नेऊन थेट भिंतीला भिडवली. दुसऱ्या दिवशी ती बाहेर निघेना. चिकू तोडायला आलेल्या गड्यांनी ढकलून काढली. बायको हातातली करंडी खाली न ठेवता बघत होती. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

चारोटीच्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडून सांगितलं की रिव्हर्सचे दाते पार झिजलेत आणि या गाडीचा पार्ट आता मिळत नाही. शहाण्या माणसाने तिथेच गाडी विकली असती. मी माझे रस्ते बदलले. जिथे वळायला मैदान आहे, तिथेच जायचं. चारोटीला काही आणायचं असलं तरी पुढे विवळवेढ्याला जाऊन तिथल्या देवळाच्या मोकळ्या जागेत गोल फेरी मारायची आणि परतायचं. गेलोच आहोत तर हातही जोडायचे. दोन वर्षांत माझं नाव भाविकांत झालं. वाटेवरच्या डहाणूच्या बाजारातला एक नारळवाला तर मला पाहिलं की न विचारता नारळ सोलायला घ्यायचा.

पण गडी ती रोज ढकलत उलटी शेडमध्ये लावत, त्यामुळे शेड अडली होती. हंगामात चिकूचे खोके भरायला जागा नाही, बायका प्लॅस्टिक बांधून उघड्यावर बसायच्या आणि सावलीत माझी गाडी. बायकोचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मी ते ऐकून घ्यायचं टाळत होतो. शेवटी तिने भंगारवाल्याशी परस्पर बोलणी केली. मी म्हटलं, जुन्या गाड्यांचे शौकीन तलासरीच्या पुढे हायवेवरच्या एका हॉटेलात जमणार आहेत, मला तिथे एकदा जाऊ दे, मग बघ लोक काय म्हणतात. तिने अट घातली. गाडीने स्वतः जायचं आणि स्वतः यायचं. कोणी ढकलली, तर सोमवारी भंगारवाला. आणि ती स्वतः शेजारी बसून येणार, कारण माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नव्हता.

२०१८ सालच्या त्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा आवारात चकचकीत मोटारी भिंतीला पाठ लावून ओळीने उभ्या होत्या. गाड्या लावून घेणाऱ्या शिट्टीवाल्याने मला खूण केली, मागे घेऊन लावा. सगळे बघत होते. मी काच खाली केली आणि मोठ्याने सांगितलं की वॅगनचं तोंड पुढे नसतं, मागे असतं, ती अशीच लावतात. आणि सरळ आत घुसून भिंतीसमोर उभी केली. बायकोने कपाळाला हात लावला. मला मात्र आपण कधीतरी वळणार आहोत हे आठवलंच नाही.

गंमत म्हणजे माझी थाप खरी ठरली. मागचा दरवाजा वर केला आणि आतून चिकूचा वास आला तशी माणसं दुसऱ्या गाड्या सोडून आमच्या मागे जमली. मुंबईचा एक संग्राहक, पांढऱ्या कपड्यांतला, बराच वेळ त्या पट्ट्यांवरून हात फिरवत राहिला. त्याच्या वडिलांकडे अशीच होती. सुट्टीत गावी जाताना तो मागे सामानावर उलटा बसायचा आणि दूर जाणारा रस्ता बघायचा. त्याचं म्हणणं, सलून, म्हणजे मागे डिकी असलेल्या गाड्या साहेबांनी जपल्या आणि वॅगन लोकांनी राबवून संपवल्या. कोणी दुधाला लावली, कोणी मयताला. म्हणून आज एखादी दिसली की शौकिनांचा जीव तिच्यात अडकतो.

मग त्याने ती विकत मागितली. मनातल्या मनात मी शेडचा कोपरा न् कोपरा मोकळा झालेला पाहिला. पण तो पुढे सांगायला लागला. चिकूच्या चिकाचे डाग काढणार, पट्ट्या नव्या घालणार, एसी गॅरेजमध्ये कापडाखाली ठेवणार. मला आतून काहीतरी चावलं.

"ही राबते आहे," मी म्हटलं. "म्हणूनच ती तुम्हाला आवडली. तुम्ही तिला बसवून ठेवणार. नाही देत."

आजूबाजूच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी दरवाजा आपटून मिटला, बायकोला बसवलं, इंजिन सुरू केलं आणि समोर पाहिलं. भिंत.

आवाराला उतार होता हे येताना पाहिलं होतं. हँडब्रेक सोडला तर गाडी आपोआप मागे येईल, कोणी हात लावायला नको. मी चेहरा गंभीर ठेवून ब्रेक सोडला. उतार भिंतीकडे होता. गाडी पुढे सरकली आणि बंपर हळूच टेकला.

मी इंजिन बंद करून बसून राहिलो. आता उतरून मदत मागायची, म्हणजे गाडी गेली. नाही मागायची, म्हणजे रात्र इथेच. मी बायकोला म्हणालो की अट रस्त्यावर ढकलण्याची होती, आवारात ढकललं तर ते पार्किंगमध्ये धरायचं. ती भिंतीकडे बघत राहिली. मी म्हणालो, सोमवारी भंगारवाला आला तर मी गाडीत बसून राहीन, मला घेऊन जा म्हणावं.

न बोलावता तो पांढऱ्या कपड्यांचा संग्राहक आला, बंपर भिंतीला टेकलेला म्हणून बाजूने बॉनेटच्या कडेला खांदा लावून उभा राहिला. शिट्टीवाला दुसऱ्या बाजूने. गाडी चढावर हळूहळू मागे निघाली. त्याच्या बाहीवर तेलाचा काळा पट्टा उमटला. धापा टाकत तो खिडकीशी वाकला.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना. अजूनही द्यायची नाही म्हणतात?"

बायकोने पदर सावरला, गाडीतल्या मागच्या मोकळ्या जागेकडे एकदा पाहिलं आणि त्याला म्हणाली, "राहू दे गाडी. खोके हिच्यातच भरीन मी. ढकलली की ती मागे तरी जाते. हे तेवढंही करत नाहीत."