स्वित्झर्लंडची बॅग आणि माझा डावा पाय

"मावशी, कुठे लांबच्या प्रवासाला जायचं ठरलंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी सोनोग्राफीच्या खोलीत उताणी पडले होते. डाव्या पायाला गार जेली फासलेली होती आणि डॉक्टरीणबाई पडद्यावर काहीतरी काळं-पांढरं निरखत होत्या.

"दिवाळीत स्वित्झर्लंडला," मी म्हटलं.

"ते आता नाही जमणार. पायातल्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ झालीय. आज मी तुम्हाला घरीसुद्धा सोडणार नाही."

देवाशप्पथ सांगते, मला आधी हसू आलं. गाठ, ॲडमिट वगैरे डोक्यात शिरायच्या आधी "स्वित्झर्लंड नाही" एवढंच ऐकू आलं. दाराशी उभ्या असलेल्या माझ्या सुनेचा, प्राजक्ताचा, चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिची सासू दात काढत होती. नंतर प्राजक्ता म्हणाली, "आई, मला वाटलं गाठ डोक्यात गेली."

मी माले गावची. पौडच्या पुढे, मुळशीच्या रस्त्याला आमचं घर आहे. जन्मभर अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळली. आमचे हे पिरंगुटला कारखान्यात होते, आता घरचं भात बघतात. मुलगा संदीप, प्राजक्ता आणि नातवंडं सई-अर्णव भुकूमला फ्लॅटमध्ये राहतात. भुकूम म्हणजे काही लंका नव्हे, पण दोघांच्या नोकऱ्या, पोरांच्या शाळा आणि क्लास. रविवारी जेवायला येणार आणि उन्हं कलली की निघणार. राहता राहिली मोठी सुट्टी, तर ती परदेशाची.

एकदा त्यांनी आम्हा दोघांनाही दुबईला नेलं होतं. हौसेने नेलं, उगाच नावं ठेवू नयेत. पण विमानात आम्ही एकामागे एक, बसमध्ये एकामागे एक आणि हॉटेलात दोन मजल्यांवर दोन खोल्या. सगळे बरोबर होतो खरे, पण मी नातवंडांच्या पाठी तेवढ्या बघून परत आले. आमच्या ह्यांना शेजाऱ्यांनी विचारलं, कशी काय दुबई? हे म्हणाले, "उंच हाय. लई उंच हाय. पन मान दुखती." त्यांचं प्रवासवर्णन तिथेच संपलं.

मला एकच हवं होतं. एक अख्खी सुट्टी, सगळे माझ्या घरात. ते मी बोलूनही दाखवायची. संदीप म्हणायचा, "अगं आई, तिथे तर आपण नेहमीच येतो." मी ताटं उचलायला घ्यायची.

तर स्वित्झर्लंड. त्याच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं, कारण पुण्यातली तारीख मिळाली नाही. त्याआधी आठवडाभर मी तापाने अंथरुणात होते. अशक्तपणा होताच, त्यात जाताना घाटात अडकलो, येतानाही अडकलो. वाटेत लघवीची पंचाईत नको म्हणून मी पाण्याचा घोट घेतला नाही. आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

परत आल्यावर डावी पोटरी ताठली. मला वाटलं, लचक भरली. आणि लचकेवरचं औषध आमच्या घरातच आहे. माझी धाकटी जाऊ सुशीला पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. अशा माणसाने दुखऱ्या जागेला पाय लावला की लचक उतरते, अशी आपल्याकडची समजूत आहे. कंबर धरलेली माणसं सुशीलाच्या दारात येऊन पालथी पडतात. काहीजण उठून चालतही जातात, मी पाहिलंय.

सुशीलाने पाय लावला. नुसता लावून भागेना, तेव्हा दाबला. "बाई, दगडावानी झालीया पोटरी. चांगली रगडते, मोकळी हुईल," म्हणाली आणि वर गरम तेल चोळलं. रोज सकाळी तिचा हा दवाखाना चालू झाला. पाय मात्र सुजतच गेला, लाल झाला, हात लावला तर ऊन लागायचा.

संदीपला सांगावं असं मनात आलं होतं. पण आमचे हे म्हणाले, "आता पाय दुकतो म्हनलीस तर त्यास्नी वाटंल, जायाचं न्हाई म्हून नाटक करतीया." मला ते पटलं. म्हणून रविवारी प्राजक्ता पोरांना घेऊन आली तेव्हा मी साडी जरा खाली सोडून, न लंगडता वावरत होते. प्राजक्ताच्या नजरेला पैंजण पडलं. डाव्या पायात ते मांसात रुतलं होतं. तिने मला खुर्चीत बसवलं, दोन्ही पाय जवळजवळ ठेवले आणि म्हणाली, "आई, हे दोन पाय एका बाईचे वाटत नाहीत." जेवणं तशीच ठेवून तिने गाडी काढली. पिरंगुटच्या डॉक्टरांनी बोटाने एकदा दाबून पाहिलं आणि तिथूनच पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

या आजाराचं नाव डीप व्हेन थ्रॉम्बॉसिस. सगळे डीव्हीटी म्हणतात. आतल्या मोठ्या शिरेत रक्त साकळून गाठ होते. पाटाच्या पाण्यात चिखलाचा गोळा अडकावा तसं. पाणी पुढे जात नाही, म्हणून मागे फुगवटा. ज्या तपासणीत हे दिसतं ती डॉप्लर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. दुखत नाही, फक्त जेली गार लागते. बराच वेळ एका जागी बसणं, अंथरुणात पडून राहणं, पाणी न पिणं, यांनी असं होऊ शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. माझं तर तिन्ही झालं होतं. म्हणजे विमानात पाय ठेवायच्या आधीच विमानाने माझा पाय धरला.

"भीती पायाची नाही," त्या म्हणाल्या. "गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर त्याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. ते जिवावर बेततं. पायाला मालिश वगैरे नाही ना केलं?"

मी सुशीलाच्या पायाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रोज?"

"रोज सकाळी."

"मावशी," त्या एवढंच म्हणाल्या आणि लगेच छातीचं सीटी स्कॅन करायला सांगितलं.

माझं हसू तिथे संपलं. सीटीला हाताच्या शिरेतून औषध सोडतात. एकदम अंगभर ऊब पसरते आणि लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते, घाबरू नका. मी मात्र घाबरले. झोपल्या झोपल्या एकच मनात, की एक सुट्टी घरात काढायची राहिली.

बाहेर आले तर संदीप बाकावर बसलेला. हिंजवडीहून तसाच आला होता, गळ्यात ऑफिसचं कार्ड. रविवारीही काम असतं त्याला. आत जाताना मी काढलेल्या चपला त्याने मांडीवर घेतल्या होत्या. एरवी तो माझ्याशी बोलता बोलता फोन बघतो. त्या दिवशी फोन खिशात होता आणि हातात माझ्या चपला. मला रडू आलं, पण मी ते खोकल्यावर ढकललं.

रिपोर्ट आला. फुप्फुसं स्वच्छ होती.

पुढचे दिवस वॉर्डात गेले. पोटाच्या कातडीत इंजेक्शन देतात, मुंगी चावल्यासारखं होतं आणि मग तिथे निळं पडतं. ते रक्त साकळू नये म्हणून. नंतर त्याच कामाच्या गोळ्या, अँटीकोॲग्युलंट, लोक त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या म्हणतात. पायात घट्ट मोजे घालायचे. ते चढवायला प्राजक्ता आणि नर्स अशा दोघी लागायच्या, मी पलंगाला धरून बसायची.

सुशीला भेटायला आली ती पदर तोंडाला लावूनच. "बाई, माज्या पायानं तुमचा जीव गेला असता." मी म्हटलं, "गेला न्हाई ना? मग रडू नको, चहा पी." डॉक्टरीणबाईंनी तिला शांतपणे समजावलं, की एकच पाय सुजला असेल तर त्याला हात लावायचा नाही, पाय तर नाहीच. ते तिने असं मनावर घेतलंय, की आता दारात कुणी आलं की ही पाय उचलायच्या आधी विचारते, "सोनोग्राफी केलीया का?" पाठीला चमक भरलेला माणूसही दोन मिनिटं विचारात पडतो.

वाचणाऱ्यांना माझंही तेच सांगणं आहे. एकच पाय सुजला, लाल झाला, ऊन लागला तर चोळू नका. डॉक्टरकडे जा. आणि घरचे काय म्हणतील म्हणून साडी खाली सोडू नका.

घरी आल्यावर मी पोरांना म्हटलं, "तुम्ही जा. माझ्या पायापायी सुट्टी बुडवू नका." म्हटलं खरं, पण पोटातून नाही. संदीप म्हणाला, "तुला असं टाकून? काहीतरीच." सई बर्फासाठी रडली. तिचं तोंड बघून मला खरंच वाईट वाटलं. ती तिकडे वळली की मात्र मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. माणूस असंच असतं.

झोपताना पाय उंच ठेवायला सांगितला होता. उशा सारख्या घसरायच्या. आमच्या ह्यांनी खूप खटपट केली आणि मग माझ्यासाठी घेतलेली नवीकोरी निळी बॅग पायथ्याशी आडवी टाकली, वर गोधडी घातली. अगदी बरोबर उंची. स्वित्झर्लंडला निघालेली बॅग माझ्या पोटरीखाली मुक्कामाला आली.

दिवाळीची सुट्टी लागली आणि सगळे राहायला आले. पहिले दोन-तीन दिवस सांगायला नकोतच. अर्णव रेंज शोधत अंगणभर फोन वर धरून फिरायचा. सई "आता काय करायचं?" असं येता-जाता विचारायची. मी पलंगावरून सगळं बघत होते आणि धास्तावले होते, की ही आता चालली परत.

पण भात काढणीला आलं होतं. ह्यांनी अर्णवला उचलून खाचरात नेलं. झोडणी चालू झाली. भाताची पेंढी फळीवर आपटायची, दाणे खाली, पेंढा बाजूला. पोराला आपटायला मिळालं आणि कुणी ओरडत नाही, त्याला आणखी काय हवं? संदीपने बापाशी भारा बांधण्यावरून भांडण काढलं. "असा आवळत न्हाईत," हे म्हणाले. "तुम्हीच तर असा शिकवला," तो म्हणाला. त्याला गाठ अजून येत होती. प्राजक्ता दुपारी चटईवर तोंड उघडं टाकून झोपली. लग्न झाल्यापासून तिला दुपारची झोपलेली मी पहिल्यांदा पाहिली. मी सगळ्यांना दटावलं, कुणी उठवायचं नाही.

मला रोज चालायला सांगितलं होतं. ते काम सईने घेतलं. बांधापर्यंत नेणार, परत आणणार, मध्ये बसू देणार नाही. फौजदारीण नुसती. पण चालता चालता तिने मला शाळेतलं सगळं सांगितलं, कोण मैत्रीण, कोण बोलत नाही, का बोलत नाही. नव्या आंबेमोहराचा भात शिजला की वासानेच सगळे पानावर येऊन बसायचे. सकाळी चहाला उठले की इकडून तिकडे पसरलेल्या अंथरुणांतून वाट काढत जावं लागायचं. कुणाच्या तरी हातावर पाय पडायचाच. यासाठीच तर मी झुरत होते.

मग एक भलतंच झालं. पाय जसा उतरत गेला, तशी मला काळजी लागली. ही माणसं आली ती माझ्या गाठीमुळे. गाठ विरघळली की? पुढची सुट्टी परत एकामागे एक बसून?

त्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा डॉप्लर झाली. डॉक्टरीणबाई खूश. "शीर मोकळी झालीय मावशी. गोळ्या बंद. आता विमानानेसुद्धा जा. मोजे घाला, पाणी प्या, मधून मधून उठून चाला." संदीप शेजारीच उभा. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, की एवढ्यात नका सांगू. त्या आपल्या सांगतच होत्या. चांगले डॉक्टर असेच असतात, त्यांना सगळं खरंच सांगायचं असतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण तेवढ्यापुरता राग आला.

गाडीत बसले आणि माझीच मला लाज वाटली. सईचा रडका चेहरा आठवला. पोरांनी माझ्यासाठी एक सुट्टी सोडली, मी एक द्यायला नको? मी म्हटलं, "काढ आता तिकिटं. मी येते. पोटातून सांगते."

"बघू," संदीप म्हणाला. त्याने पिरंगुटच्या गर्दीतून गाडी बाहेर काढली.

घरी येऊन मी गोधडी काढली, बॅग ओल्या फडक्याने पुसली आणि पुढच्या रविवारी प्रवासाचं सामान भरायला त्यांनी न्यावी म्हणून दाराशी ठेवली. आमचे हे ओट्यावरून बघत होते. "जानार म्हन की," एवढंच म्हणाले.

रविवारी सगळे आले. संदीपने दारातली बॅग उचलली आणि गाडीत न ठेवता परत आत आणली. पलंगावर टाकून उघडली. मागून प्राजक्ता गाडीतून कपड्यांचा हा मोठा गठ्ठा घेऊन आली. अर्णवच्या चड्ड्या, सईचे फ्रॉक, टॉवेल, चिखलात घालायच्या चपला. एकेक घडी करून ती बॅगेत लावू लागली.

"हे आता इथेच राहू देत, आई. मे महिन्याची सगळी सुट्टी काढायचीय, दर वेळी न्या-आणा कुठे करायचं?"

"अगं, आणि सईचा बर्फ?" मी विचारलं.

"बर्फ कुठे पळून जातोय, आजी?" सई म्हणाली. ती तेव्हा आजोबांची काठी घेऊन बांधाकडे निघालीसुद्धा होती.

संदीपने बॅगेची चेन लावली आणि ती पायाने पलंगाखाली सरकवली. मी चहा टाकायला आत गेले. आधण उकळून उतू गेलं तरी मला कळलं नाही.

थकल्यावर पाय अजून जरा जड होतो. तेव्हा मी उशी घेते. बॅग आता रिकामी नाही.