सुतारकाकांनी न मोजलेलं दार

सुतारकाकांकडे कपाट करायला टाकायचं म्हणजे आधी बोलणी खायची तयारी ठेवावी लागे. गिऱ्हाईक लाकडाबद्दल, रंगाबद्दल, आरशाबद्दल सांगायला लागलं की काका हात वर करून त्याला थांबवत.

"ते राहू द्या. दार केवढं?"

"कपाटाचं?"

"घराचं हो, घराचं!"

मग स्वतः जाऊन ते घराचं दार मोजत, जिना मोजत, जिन्याचं वळण मोजत आणि मगच लाकडाला हात लावत. एका डॉक्टरीणबाईंनी दुसरीकडून घेतलेला पलंग दारात अडकला, तेव्हा काका मुद्दाम बघायला गेले होते. मदत काडीची केली नाही. "आधी दार मोजायचं असतं," एवढं ऐकवलं आणि शांतपणे घरी आले. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या मापांचा तोरा त्यांना होता, तो होताच.

अशा माणसाने काम थांबवल्यावर स्वतःच्या तळघरात रेल्वे बांधली. तिला खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. फळ्या एकेक करून खाली नेल्या, चौकट खालीच जोडली, वर प्लायवुड ठोकलं. जाळीवर प्लास्टर थापून डोंगर उभा केला, त्यातून बोगदा काढला. उरलेला भुसा हिरवा रंगवून गवत पेरलं. नदी आली, पूल आला, बाकं मांडलेला फलाट आला. इंजिन मुठीत मावेल एवढं, पण त्याचा थाट बघावा! आणि जिथे दोन फळ्या मिळतात तिथे गाडीला हिसका बसतो, हे काकांच्या जिवाला लागलं. म्हणून त्यांनी सगळ्या फटी सरस भरून बुजवल्या आणि रूळ एकमेकांना डाख देऊन पक्के केले. मग गाडी अशी धावू लागली की डोळे मिटून ऐकत बसावं. अख्खं तळघर व्यापणारी ती रेल्वे आता एकच एक वस्तू झाली होती.

काकू शिवणकाम करत. शेतांसाठी हिरवी मखमल त्यांच्याच कात्रणांतली. "माझ्या गिऱ्हाइकांच्या जाकिटांतून तुमची गाडी जाते," असं त्या म्हणत. पण पूल बांधायला घेतल्यापासून त्या तळघरात उतरल्याच नव्हत्या. गुडघ्यांनी संप पुकारला होता, आणि घर तर नुसतं जिन्यांचं. स्वयंपाकघर खाली, न्हाणीघर वर, झोपायची खोली त्याच्याही वर. काकू पायरीवर बसायच्या, हातांवर जोर देऊन वरच्या पायरीवर सरकायच्या, पुन्हा बसायच्या. डॉक्टरांनी जिना बंद म्हणून सांगितलं. सांगायला त्यांचं काय गेलं, जिना काही ते उचलून घेऊन गेले नाहीत.

शेवटी लेकीने विषय संपवला. तिचं घर एका मजल्याचं, कुठे पायरी म्हणून नाही. तिने खोली रिकामी केली, रंगवून घेतली. "आणि बाबा, तुमच्या रेल्वेला आमचं अख्खं गॅरेज!" काका खूश झाले. मेजरिंग टेप घेऊन खाली गेले. रेल्वे मोजली. मग, आयुष्यात पहिल्यांदाच मागाहून, दार मोजलं.

पुन्हा मोजलं. मग स्टुलावर बसले. आडवी करा, उभी करा, तिरकी करा, ती रेल्वे त्या दारातून निघणार नव्हती.

हे कुणाला सांगणार? ते मूग गिळून बसले आणि लेकीच्या घरात खुसपटं काढायला लागले. तिथे ओल येते. तिथे ऊन नाही. तिथली दारं पावसात फुगतात. जावई बिचारा गरीब स्वभावाचा, त्याने दारं तासून घेतली. तर काकांना शेजारच्यांचा कुत्रा आवडेना. आणि रोज वर जिन्यात काकूंच्या बसण्या-सरकण्याचा आवाज येई, तेव्हा काका इंजिनाचा वेग वाढवत. ऐकू येऊ नये म्हणून. त्यांना लाज वाटत होती, आणि तरीही ते वाढवत होते.

एका दुपारी तो आवाज तळघराच्या जिन्यातच आला. काकांनी वळून पाहिलं. काकू पायरीपायरीने बसत खाली येत होत्या. चेहरा पांढरा पडला होता.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"तुम्ही वर येईनात. म्हटलं, आपणच जावं."

त्या स्टुलावर टेकल्या. गाडी बोगद्यातून निघाली, पुलावर आली, फलाटावर थांबली. काकूंनी ते सगळं नीट पाहिलं. "छान झालाय हो पूल," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता खरं सांगा. लेकीकडे राहायचा कमीपणा वाटतो का? तसं असेल तर मी तिला नाही म्हणून कळवते. मी काढीन दिवस इथे."

हे मात्र काकांना सोसलं नाही.

"निघत नाही गं ती," ते पुटपुटले.

"कोण?"

"रेल्वे. दारातून."

काकू आधी दाराकडे बघत राहिल्या, मग रेल्वेकडे, मग नवऱ्याकडे. आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबेना. "त्या डॉक्टरीणबाईंना कळलं तर!" एवढंच त्या मधे मधे म्हणू शकल्या. काकाही ओशाळून हसले. हसता हसता काकू एकदम थांबल्या.

"म्हणून मला इतके दिवस जिन्यात सरकायला लावलंत?"

काका मान खाली घालून उभे राहिले.

काकूंनी डोळे पुसले आणि एप्रनच्या खिशातून शिवणकामाचा खडू काढला. "कापा."

"एकसंध आहे गं. हात होणार नाही माझा."

"कापड काय कापूनच येतं का दुकानातून? अख्खंच येतं. जपून ठेवलं असतं तर तुमच्या अंगावर आज सदरा नसता." त्या वाकून डोंगरावरून हात फिरवू लागल्या. "शिवण दिसणार नाही तिथून कापायचं. ही बघा, नदीच्या पात्रातून. मग डोंगराच्या मागून. फलाटाला हात नाही लावायचा." खडूची रेघ नदीतून वळणं घेत गेली, इतकी सफाईदार की काकांना मनातल्या मनात मान्य करावं लागलं. आपल्याला सुचली नसती.

त्यांनी करवत आणली, रेघेवर टेकवली. तेवढ्यात त्यांचं लक्ष काकूंच्या गुडघ्याकडे गेलं. तो चांगलाच सुजला होता आणि काकू दोन्ही हातांनी तो दाबून धरून रेघेचं कौतुक करत होत्या. काकांनी करवत खाली ठेवली आणि फोन उचलला.

"जावईबापू, गाडी घेऊन या. नाही, उद्या नाही, आत्ता. सामान मागाहून बघू. आधी हिला न्यायचंय."

"आणि रेल्वे?" काकूंनी विचारलं.

"राहील पडून. तिचे काही गुडघे दुखत नाहीत."

जावई धावतपळत आला. वरून हात असलेली लाकडी खुर्ची आणून काकूंना तीत बसवलं. एका बाजूला जावई, एका बाजूला काका. उचलणार, तोच काका म्हणाले, "थांब, थांब!" त्यांनी खिशातून टेप काढला. खुर्चीची रुंदी मोजली. मग जाऊन तळघराचं दार मोजलं, जिना मोजला, जिन्याचं वळण मोजलं. परत येऊन काकूंचे कोपर हलक्या हाताने आत घेतले.

"आता मोजताय होय!" काकू म्हणाल्या.

"निघेल," काका म्हणाले. "दोन बोटं मोकळी राहतायत." आणि त्यांनी खुर्ची उचलली.