गालमिस्त्रींचे खोगीर

मोटारीत बसणारी माणसे बडोद्याने त्या काळात पुष्कळ पाहिली. पण मोटारीत आडवा पडणारा कारागीर मी एकच पाहिला. मागची गादी काढायची, उघड्या फळ्यांवर कुशीवर झोपायचे, उजवा गाल लाकडाला चिकटवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, चालव." भरदिवसा अशी गाडी लहेरीपुरा दरवाज्यातून निघाली की भाजीवाल्या "कोण गेलं हो?" म्हणून हळहळत. पुढे त्यांनाही सवय झाली. आम्ही ड्रायव्हर मंडळी त्यांना गालमिस्त्री म्हणत असू. खऱ्या नावाने हाक मारली तर ते स्वतःच मागे वळून दुसऱ्या कुणाला शोधत.

नागरवाड्यामागे त्यांची एक छपरी होती. वाडवडील संस्थानच्या फौजेत शिलेदार. घोडी गेली, मोटारी आल्या, आणि नातवाने हातात पाना घेतला. इंजिनाला ते फारसे हात लावत नसत. त्यांचे काम एकच: शॉक अ‍ॅब्सॉर्बर. आजच्या बंद नळकांड्यांसारखे ते नव्हते. दोन लोखंडी हात कात्रीसारखे जोडलेले, सांध्यात तबकड्या, तबकड्यांमध्ये चामड्याच्या चकत्या आणि वर आवळायला एक नट. गाडी खड्ड्यात उसळली की चकत्या घासत आणि ती उसळी तिथल्या तिथे धरत. "कमान, म्हणजे स्प्रिंग, गाडीला नाचवते," मिस्त्री आपल्या बडोदी गुजराती वळणाने म्हणत, "आणि ही तिचा हात धरून खाली बसवते. कसं, बरोबर ने?"

चकत्या झिजल्या की आम्ही ड्रायव्हर नट आवळून मोकळे होत असू. त्यावर त्यांचा फार राग. "कान पिळून पोर शहाणं होतं का रे? चकती बदल!" गाडी दुरुस्त झाली की ते मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवून एकदा जोराने दाबत. गाडी एकदा वाकून सरळ उभी राहिली तर पास. "मुजरा एकदाच. पुन्हापुन्हा वाकतो तो मतलबी," असे म्हणून ते खुशाल विडी पेटवत.

मी तेव्हा एका सरदारांच्या गाडीवर होतो. त्या वर्षी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी माझा मेहुणा सकाळच्या गाडीने करजणहून धापा टाकत आला. करजणच्या पलीकडे सात-आठ मैलांवर माझी सासुरवाडी. माझी बायको शांता माहेरपणाला गेली होती आणि माळ्याच्या शिडीवरून पाठीवर पडली होती. करजणच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले होते की कण्याचे हाड चिरले आहे, पाय अजून हलताहेत, पण एक मोठा झटका बसला तर ते कायमचे जातील. बैलगाडीतून आगगाडीत अशी उचलाउचल करायची नाही. एकदाच उचलायचे आणि थेट बडोद्याच्या इस्पितळात ठेवायचे. सरदारांनी ऐकले आणि गाडी दिली. एवढ्या मोठ्या मनाचे धनी मला पुन्हा मिळाले नाहीत.

मी गाडी आधी गालमिस्त्रींकडे नेली. खरे तर गाडी छान वाटत होती; महिनाभर कानाला टोचणारी कुरकुर दसऱ्यापासून थांबली होती. पण "एक झटका" हे शब्द डोक्यातून जात नव्हते. मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले, मागची गादी काढली आणि ते आडवे झाले. कारेलीबागेकडे तेव्हा मळे होते आणि बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या. तिथून गाडी काढली, तर शंभर पावलांतच ते ओरडले, "ऊभी राख! थांबव!" उतरून त्यांनी सांध्यावर बोट फिरवले आणि नाकाशी नेले.

"तिळाचं तेल?"

मी मान डोलावली. खंडेनवमीला आमच्याकडे आजोबांच्या तलवारीला तेल द्यायचे, पूजा करायची. पोट मोटारीवर चालते, म्हणून मी मोटारीचीही केली होती. जे लोखंड कुरकुरले त्याला तेल पाजले होते. चारही कोपऱ्यांना.

"हळदकुंकूही वाहिलंस?"

"हो."

"मग देव पावला आणि गाडी नासली," मिस्त्री म्हणाले. पण आवाजात राग नव्हता. "अरे वेड्या, तलवारीला तेल लागतं. ही घासली तरच धरते. आता हिच्या हातात काही राहिलं नाही." तेल प्यायलेले चामडे धुऊन निघत नाही, आणि नव्या चकत्या मुंबईहून यायला पंधरवडा लागला असता. बायकोचे पाय मी माझ्या हाताने घालवले, एवढेच मला कळत होते.

छपरीच्या भिंतीवर एका खुंटीला मिस्त्रींच्या आजोबांचे खोगीर टांगलेले असे. दरवर्षी खंडेनवमीला ते त्याची पूजा करत. झेंडूची माळ अजून सुकायची होती. त्यांनी माळ काढली, खोगीर उतरवले, कपाळाला लावले आणि पाटावर ठेवून चामडे कापायची रापी उचलली.

"मिस्त्री, हे नको," मी म्हणालो.

"बाप गेल्यापासून याला तेलाचं बोट लागलेलं नाही. माझा आळस, दुसरं काय! आज तोच कामाला येतोय."

"पण आजोबांचं आहे…"

"घोडं केव्हाच गेलं. खोगीर कुणासाठी राखायचं?" आणि त्यांनी पहिला काप दिला. डोळे मात्र भरले होते. त्या माणसाचे पाय धरावेत असे मला वाटले. पण त्यांनी मला रॉकेल आणि राख देऊन तबकड्या घासायला बसवले. दुपारपर्यंत सोळा चकत्या बसल्या. मग पुन्हा चाकोऱ्या, पुन्हा गाल, इथे पाव फेरा आवळ, तिथे सोड. सातव्या फेरीला ते हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते न बोलावता गाडीत येऊन बसले. सासुरवाडीला पोचल्यावर शांताला फळीसकट उचलून आम्ही गाडीत आडवे ठेवले. फळीखाली जी काही जागा उरली तिच्यात मिस्त्री शिरले आणि त्यांनी तळाला गाल लावला. "हळू… आता डावीकडे… सोड… थांब, चाक आपणहून उतरू दे." रस्ता मला डोळ्यांनी दिसत होता, त्यांना तो माझ्याआधी कळत होता. कसे, ते मला आजही सांगता येणार नाही. इस्पितळाशी पोचेपर्यंत दुपार कलली होती. मिस्त्री बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा गाल सोलून लाल झाला होता आणि शांता म्हणत होती, "माहेराहून इतक्या सुखात मी कधी आले नव्हते."

तेलाची गोष्ट त्यांनी कुणाजवळ काढली नाही. सरदारांना म्हणाले, चकत्या जुन्या झाल्या होत्या. पुढच्या खंडेनवमीला मी आणि शांता त्यांच्या छपरीत गेलो. घरापासून ती काठी टेकत चालत आली होती. भिंतीवरची खुंटी रिकामी होती. ती रिकामी का, आणि कुणाच्या चुकीने, ते मी तिला तिथेच सांगून टाकले. मग सरदारांच्या गाडीसाठी घेतलेली माळ तिने माझ्या हातातून घेतली, टाचा उंचावल्या आणि खुंटीला घातली.

"मिस्त्रीकाका, पूजा राहिली तुमची."

"झाली की," तिच्या पायांकडे बघत ते म्हणाले. "तू चालत आलीस ने?"

चार वर्षांनी ते गेले. सरदारांनी पुढे ती गाडी विकली, तेव्हा एक चकती मी मागून घेतली. दर खंडेनवमीला आजोबांच्या तलवारीशेजारी ती पाटावर असते. शांता दोन्हींना कुंकू लावते. मी तलवारीला तेल देतो, आणि चकतीला हात लावण्याआधी बोटे राखेने पुसून घेतो.