पालकांना संग्रहालयात नेऊ नये

शारजात, अल नहदाला, मी शनिवारी मुलांचा मराठी वर्ग घेते. मुलांचे किस्से सांगून हसता तरी येतं. पालकांचे नुसते साठतात आणि बीपी वाढवतात! एकाच सहलीचे सांगते.

अल ऐनला एका व्हिलाच्या दोन खोल्यांत एका जपानी बालसाहित्यिकाचं छोटंसं संग्रहालय आहे. त्यांची मुलगी हारुकोबाई इथे शिकवायला आल्या आणि इथल्याच झाल्या. जपानमधलं घर पाडलं, तेव्हा वडिलांचं सामान त्यांनी इकडे आणलं. मी ग्रुपवर सहलीचा मेसेज टाकला.

लगेच समीर देशमुखांचा रिप्लाय. "मॅडम, लेखक जपानी, आपण मराठी, जागा अल ऐन. कनेक्शन काय?"

मी लिहिलं, "तुमचा अर्णव दिवसभर जपानी कार्टून बघतो, तेव्हा विचारता का?"

त्यावर त्यांनी अंगठा पाठवला. अंगठा! मला!

*

दारातच पाटी होती, फोन बंद ठेवा. आमच्या ग्रुपमधले चित्रे म्हणाले, "माझा चालू राहू दे. ऑफिसचा अर्जंट कॉल येणार आहे."

हारुकोबाई वडिलांची चित्रं दाखवत होत्या आणि कॉल आला. चित्र्यांनी गडबडीत स्पीकरच दाबला. संग्रहालयाच्याच टॉयलेटमधून मिसेस चित्रे, "अहो, इथला टिश्यू संपलाय!"

मुलं खो-खो हसली. तर चित्रे मुलांवरच डाफरले, "मॅनर्स नाहीत का तुम्हाला?"

*

लेखक शाळाशाळांतून गोष्टी सांगत फिरायचे. तिथली एक बुटकी लाकडी खुर्ची कोपऱ्यात आहे. तिच्यावर फक्त मुलांनी बसायचं.

देशमुख बसले! रीलसाठी! हारुकोबाई हात जोडून म्हणाल्या, "प्लीज, ही मुलांची आहे."

"मॅडम, हम भी दिल से बच्चे हैं!"

खुर्ची करकरली. माझं डोकंच फिरलं. वर्गात वापरते तो आवाज काढून मी ओरडले, "देशमुख, उठा!"

देशमुख उठले. शेजारी उभा असलेला अर्णव घाबरून दोन पावलं मागे सरकला. त्या पोराकडे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

मग हारुकोबाईंनी गोगलगायीची एक गोष्ट वाचली. आधी एक ओळ जपानीत, मग तीच इंग्रजीत. मुलं मांडी घालून, तोंड उघडं टाकून ऐकत होती. शारजाच्या वर्गात ही शांतता मी कधी पाहिलेली नाही!

गोगलगाय विहिरीच्या काठाशी पोचली आणि मागून चित्र्यांचा आवाज, "यल्ला, यल्ला, चला! बिर्याणी गार होतेय."

हारुकोबाईंनी पुस्तक मिटलं. खलास.

नऊ वर्षांच्या ईराने माझी ओढणी ओढली. "टीचर, बट व्हॉट हॅपन्ड टू द स्नेल?"

"चित्रेकाकांना विचार!" मी म्हटलं. तिने खरंच जाऊन विचारलं. काका म्हणाले, "गूगल कर बेटा."

*

निघायच्या आधी प्रश्नोत्तरं. पालकांचे प्रश्न काय, तर अवॉर्ड किती मिळाले, पिक्चर निघाला का!

दुसऱ्या खोलीत मधोमध नुसतंच एक दार उभं आहे. जुन्या घरातलं, चौकटीसकट. त्याच्या पलीकडे लेखकांचं टेबल. ईरा त्या दाराकडे बघत होती. तिने विचारलं, "वॉज ही नाइस टू यू?"

"ईरा!" तिची आई ओरडली. "सॉरी मॅडम, शी इज अ चाइल्ड."

"विचारू दे तिला," हारुकोबाई म्हणाल्या. इतका कडक आवाज त्यांनी देशमुखांनाही लावला नव्हता. मग त्या ईरासमोर गुडघ्यावर बसल्या.

"सगळ्या जगातल्या मुलांशी ते फार छान वागायचे," त्या इंग्रजीत, सावकाश म्हणाल्या. "मी या दाराच्या बाहेर बसायचे. ठोठावलं की आतून आवाज यायचा, श्श, मी मुलांसाठी लिहितोय."



"देन व्हाय डिड यू मेक हिम अ म्युझियम?" ईराने विचारलं.

हारुकोबाई उठल्या. त्यांनी ते दार लावून घेतलं, कुलूप घातलं आणि म्हणाल्या, "आता किल्ली माझ्याकडे असते."