वाढवलेला वेग

वैशाखातल्या दुपारी कॉम्प्युटरचं बंद कॅबिनेट उघडलं की आतून एक तप्त, कोरडा वास येतो. तापलेल्या धातूचा, जुन्या धुळीचा आणि आमच्या भागातल्या यंत्रांत हमखास सापडणाऱ्या भाताच्या तुसाचा. त्या दिवशी तो वास शेजारच्या गाळ्यात पिकत घातलेल्या चिकूंच्या आंबूस गोडव्यात मिसळून माझ्या दुकानभर पसरला होता, खाडीकडून येणारा वारा अगदी थांबला होता, आणि समोरच्या काळ्या पडद्यावर मेमरीच्या चाचणीच्या पांढऱ्या ओळींमधून एक तांबडी ओळ सावकाश वर सरकत आली. मग दुसरी. मग एकदम सात-आठ. माझ्यामागे स्टुलावर लहानू गुरुजी बसले होते. तलासरीपलीकडच्या आपल्या पाड्यावरून ते कॅबिनेट गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन ते डहाणूपर्यंत आले होते. त्या तांबड्या ओळींचा अर्थ त्यांना कळत नव्हता. मला कळत होता.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि आपल्या वारली समाजाच्या लग्नांतली गाणी ध्वनिमुद्रित करण्याच्या मागे लागले. वारल्यांचं लग्न लावते ती धवलेरी, गाण्यातून देवांना आवाहन करणारी बाई. गुरुजींची मावशी, बारकीबाय, ही त्या भागातली जुनी धवलेरी. भिंतीवर लग्नचित्राचा चौक लिहून झाला, मांडवाखाली माणसं जमली, की तिच्या कंठातून गाणं सुरू होतं, आणि एरवी, कुणी कितीही आर्जवं केली तरी, लग्न नसताना त्यातली एक ओळही ती तोंडातून काढत नाही. या चैत्रात तिनं गुरुजींच्या धाकट्या मुलीचं लग्न लावलं आणि उठताना सांगून टाकलं की हे शेवटचं. गुरुजी मुलीचे बाप; पाहुण्यांच्या मागे धावण्यात त्यांनी स्वतः धड काही ऐकलं नाही. ध्वनिमुद्रणाचं यंत्र तेवढं कोपऱ्यात चालू ठेवलं होतं. लग्नानंतर त्यांनी त्यातल्या कार्डावरचं सगळं एकापाठोपाठ तीन डिस्कवर उतरवलं आणि पुढच्या आठवड्यात दुसरं लग्न होतं म्हणून कार्ड पुसून मोकळं केलं.

"तुम्हीच सांगितलेलं ना ताई, तीन ठिकाणी ठेवायचं," ते म्हणाले. "तिन्ही ठिकाणी मध्येच खट् खट् येतंय. आधी वाटलं, माझेच कान गेले."

मी मान हलवली. मला आठवत होता तो जानेवारीतला दिवस, जेव्हा मी याच यंत्रावर मनापासून खूश होते. गुरुजींची एकच तक्रार होती, की गाणी नीटनेटकी करताना यंत्र फार रेंगाळतं. मेमरीचा वेग वाढवणं हा माझ्या धंद्यातला एक छुपा अभिमानाचा विषय आहे. बनवणाऱ्यानं ठरवून दिलेल्या मर्यादेच्या थोडं पुढे जायचं, व्होल्टेज अगदी केसभर वाढवायचं, वेळेचे आकडे एकेक करून आवळत न्यायचे आणि यंत्र कुठे कोसळतं त्याच्या जरा अलीकडे थांबायचं. मी दिवसभर ते करत बसले होते. माघातली गार हवा होती, खाडीवरचा वारा दारातून थेट आत येत होता, आणि कामाला सोयीचं म्हणून कॅबिनेटचं बाजूचं झाकण मी काढूनच ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत चाचणीत एकही चूक निघाली नाही. मी झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि गुरुजींना म्हटलं, "बिनधास्त वापरा."

बंद पेटीत, पत्र्याच्या छपराखाली, ऐन उन्हाळ्यात तीच मेमरी किती तापेल, हा विचार मला शिवला नाही. त्यात गुरुजींच्या घरात तुसाची धूळ उडते म्हणून त्यांच्या बायकोनं यंत्रावर एक जुनं लुगडं पांघरलेलं. मेमरी अशी तापून बिथरली की ती बंद पडत नाही, हेच तिचं वाईट. ती काम करत राहते. हजारो गोष्टी बरोबर ठेवते आणि मध्येच एखादी निमूटपणे बदलून देते. कार्डावरून डिस्कवर जाणारी प्रत्येक ओळ तिच्यातून गेली होती, म्हणजे तीन डिस्कवर गुरुजींनी जपून ठेवलेलं सगळं एकाच बिघडलेल्या हातानं उतरवलेलं होतं, आणि तो हात मी बिघडवला होता.

हे त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बायोसची नवी आवृत्ती आलीये, ती टाकून बघू."

बायोस म्हणजे मदरबोर्डच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम. यंत्राला जाग येते ती त्याच्यामुळे. बनवणाऱ्यानं नव्या आवृत्तीखाली लिहिलं होतं, मेमरीच्या स्थिरतेत सुधारणा. ते वाक्य वाचून मला किती बरं वाटलं, याची आता लाज वाटते. ही आवृत्ती टाकताना मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. माझ्या यूपीएसची बॅटरी थकलेली होती, आणि समोरच्या दुकानातला पंखा त्या दुपारी दोनदा मंदावलेला मी पाहिला होता. तरी मी कळ दाबली. पडद्यावर टक्केवारी चढू लागली. गुरुजी स्टुलावरून उठून उभे राहिले, जसे ते शाळेत प्रार्थनेला उभे राहत असतील. चाळीसवर आकडा इतका वेळ थांबला की मला माझ्या कानशिलातली शीर ऐकू येऊ लागली. बाहेर कुणीतरी गुजरातीत मासळीचा भाव करत होतं, कुठल्या तरी स्कूटरचा हॉर्न अडकला होता, आणि मी मनातल्या मनात वीज मंडळाच्या हातापाया पडत होते. शंभर झाले. यंत्र बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि मी परत चाचणी लावली. दोन तास. एकही तांबडी ओळ नाही.

आमच्या कामात एक साधा नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर खरा दोष कुठे होता ते कळत नाही. नवी आवृत्ती टाकली की जुनी सगळी मांडणी पुसली जाते. मी वाढवलेला वेग, आवळलेले आकडे, सगळं जाऊन मेमरी आपल्या मूळच्या संथ चालीवर आली होती. दोष तेवढ्यानं गेला होता. हे मला पक्कं ठाऊक होतं. नियम मोडताना मी चुकले नव्हते, मला तो मोडायचाच होता.

"म्हणजे कंपनीचीच चूक," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

मी "हं" म्हटलं. इतकंच.

यंत्र आणि तिन्ही डिस्क ठेवून ते निघून गेले. पुढचे तीन दिवस मी दुकानाचं शटर अर्धं ओढून दुसऱ्या, भरवशाच्या यंत्रावर त्या तीन प्रती शेजारी शेजारी मांडून बसले. चुका तिन्हींत होत्या, पण वेगवेगळ्या जागी. जिथं दोन प्रती एक सांगत आणि तिसरी भलतंच, तिथं दोघींचं ऐकायचं. असं कणाकणानं जोडत गेले तशी गाणी मोकळी होऊ लागली. मला वारली समजत नाही. तरी तो आवाज, जरा चिरका, न घाईचा, एकाच पट्टीत चालत राहणारा, दुकानातल्या उष्ण हवेत भरून राहिला, आणि दर खट् आवाजासरशी माझ्या अंगावर काटा येत होता. ज्या यंत्रानं हे खराब केलं त्याच्या पोटात माझे आकडे होते, आणि दुरुस्त करणारीही मीच म्हणून गुरुजी उद्या माझे आभार मानणार होते. रात्रीचं जेवणही गोड लागेना.

एक जागा मात्र जुळेना. हळदीनंतरच्या एका गाण्यात आवाज मध्येच तुटत होता. थोडी शांतता, दोन तुटक शब्द, आणि मग मागचीच ओळ पुन्हा. तिन्ही प्रतींत अगदी हुबेहूब. अर्धा दिवस मी त्या जागेशी झगडले. मला वाटलं, पहिल्याच वेळी वाचताना काहीतरी बिघडलं आणि तेच तिन्हीकडे उतरलं, आता हे परत मिळणार नाही. शेवटी मी तेवढा तुकडा कापला आणि दोन्ही टोकं जोडून टाकली. जोड इतका बेमालूम बसला की माझा मलाच सापडेना. जानेवारीत वाटलं होतं तसंच समाधान वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुजी आले. मी हेडफोन त्यांच्या हातात दिला. ते डोळे मिटून ऐकत राहिले, बोटं गुडघ्यावर हलत होती, आणि मी समोर उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. हळदीनंतरचं गाणं आलं, पुढे गेलं, आणि त्यांनी डोळे उघडले.

"इथं मावशी थांबली नाही?"

मी विचारलं, "थांबायला हवी होती का?"

"इथं ती चुकली होती. अख्खा मांडव मला सांगत होता ना." गुरुजी हसले. "चुकली की ती थांबते. चुकले म्हणून मोठ्यानं सांगते सगळ्यांना, आणि चुकलं त्याच्या मागनं परत घेते. पुढं रेटून नेलं तर लग्न लागलं नाही, असं तिचं आहे. एवढी वर्षं तेच."

जे मी बिघाड म्हणून कापलं होतं ते त्या गाण्यातलं सगळ्यात खरं होतं. मी त्यांना सांगितलं, की ती जागा मी काढली, मूळ तुकडा आहे, लगेच परत जोडते. हे सांगणं सोपं होतं. ते "असू दे" म्हणाले आणि मला वाटलं, एवढ्यावर भागलं. हात माउसवर होता. पण तो पुढे सरकेना. बारकीबायला मी कधी पाहिलेलं नाही, तरी त्या क्षणी मला तिची भीती वाटली.

"गुरुजी, कंपनीची चूक नव्हती," मी म्हटलं. "जानेवारीत मी वेग वाढवला, तो उन्हाळ्यात टिकणारा नव्हता. माझ्या गार दुकानात, उघड्या पेटीत तपासला आणि तुम्हाला बिनधास्त वापरा म्हटलं. तुम्ही आलात त्याच दिवशी मला माहीत होतं. मी बोलले नाही."

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे कधीपासूनचं खराब?"

"त्या दिवसापासून या मशीनमधून जे जे गेलं, ते सगळं तपासायला लागेल. थंडीतलं कदाचित ठीक असेल. खात्री नाही."

"माघ-फाल्गुनातली चार लग्नं आहेत." त्यांचा आवाज बदलला होता. "भाच्याची चार कार्डं घेतलेली मी, त्यावर आहेत. मशीन नीट झालं म्हणून हिला सांगून आलो, दुपारी तो कार्डं नेईल, त्याच्या आधी पुसून ठेव."

त्यांनी फोन लावला. लागेना. पाड्यावर रेंज येते ती एका चिंचेखाली. त्यांनी पुन्हा लावला, मग शेजाऱ्याला, मग पुन्हा बायकोला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. साडेअकरा वाजत आले होते. चौथ्या की पाचव्या खेपेला पलीकडून आवाज आला, आणि गुरुजी वारलीत भराभर काहीतरी बोलले, थांबले, ऐकलं, आणि स्टुलावर मागे भिंतीला टेकले.

"तीन आहेत," ते म्हणाले. "एक पुसलं तिनं."

त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही आणि दोषही दिला नाही. हेडफोन पुन्हा कानाला लावून ते म्हणाले, "ती जागा परत जोडा ताई. आणि मागनं लावा."

मी तुकडा जागेवर बसवला आणि गाणं मागून सुरू केलं. आवाज चालत आला, तुटला, ते दोन शब्द आले. चुकले म्हणायला तिला एक श्वास लागला होता. मला चार दिवस लागले होते, आणि त्या चौथ्या दिवशी सकाळी एका लग्नाचं मूळ गेलं होतं. गुरुजी पडद्याकडे पाहत होते. ते गाणं ऐकत होते की मी आता पुढे काय करते ते बघत होते, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.