दोर सुटायच्या आधीची हाक

आमचे हे तांडेल. मासेमारीची होडी मुलाच्या हवाली केली, तेव्हापासून समुद्र-संशोधन केंद्राची बोट चालवतात. मी तिथंच पाणबुड्यांचे रबरी कपडे गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घालते. एका घरातली दोन माणसं एकाच कामावर, म्हणजे भांडायला घरी जायची वाट बघावी लागत नाही.

केंद्रात एक पोरगी आहे. खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, तिनं पाट्या ठोकल्यात. त्यांवर काय काय रुजतं ते बघायला साथीदाराला घेऊन उतरते. आमच्याकडचं पाणी गढूळ. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हाच काय ते दिसतं. त्यात तो पावसाळ्यापूर्वीचा शेवटचा भांग. मग बोट वर ओढतात. तेवढ्यात पाट्या बघितल्या नाहीत तर तिची वर्षभराची मेहनत तिथंच राहणार होती.

त्या सकाळी बोट धक्क्यावरून सुटली आणि मला धक्क्याच्या कठड्यावर नारिंगी फुगा राहिलेला दिसला. लांबट पिशवीच ती. वर येताना पाणबुड्या तिच्यात हवा भरून आधी तिलाच वर सोडतो, म्हणजे माणूस कुठं निघतोय ते बोटीला कळतं. पलीकडून मांडव्याच्या बोटी धावत असतात, त्यामुळे फुगा हवाच.

आता आमच्यात दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारत नाहीत. मी मारली. चांगली पोटातून मारली. ह्यांची मान ताठ झालेली मला धक्क्यावरून दिसली, पण वळली नाही. पोरगी आणि तिचा साथीदार पुढं तोंड करून बसलेले, इंजिनाच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार? मी चढ चढून ऑफिसात गेले, साहेबांना वायरलेस लावायला सांगितलं. तोवर पोरीला खडपापाशी कळलंच होतं. फुग्याशिवाय उतरायचं नाही, हा तिचा नेम. बोट परत आली तेव्हा पाणी ढवळून गेलं होतं.

"मावशी, तुम्ही बघितला नव्हता का?" तिनं विचारलं.

"बघितला. हाकही मारली."

ती ह्यांच्याकडे बघत राहिली.

"ऐकली मी," हे म्हणाले. "मागून हाक आली का वळायचं न्हाय. बापानं शिकवलंय."

"बापाच्या बोटीत मासळी होती," मी म्हटलं. "तुमच्या बोटीत लोकांची लेकरं हायत."

"काका, उद्याचा एकच दिवस उरलाय," ती एवढंच बोलली आणि हवेच्या टाक्या उतरवायला लागली.

रात्री हे ताटातच बघून जेवले. मी माशाचा तुकडा दुसऱ्यांदा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे बोटीत बसले, इंजिन सुरू झालं. हे दोरावर हात ठेवून उभे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाक मारायची असंल तर आता मार. दोर सुटायच्या आधीची हाक मागून आली असं धरत न्हाईत."

हा नेम त्यांच्या बापाचा नव्हता, हे मला ठाऊक.

"फुगा घेतलास का गं?" मी ओरडले.

पोरीनं तो उंच धरून दाखवला. ह्यांनी दोर सोडला.

त्या दिवशी पाणी फार निवळ नव्हतं. काही पाट्या दिसल्या, काही राहिल्या. जेवढ्या दिसल्या तेवढ्यांवर भागलं, पोरगी म्हणाली.